आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

हिंगोलीत मे महिन्याच्या दुपारी वीज गेली की आमच्या घरात पहिली हाक येते ती आईची. वय वर्षे नव्वद. "पंखा का थांबला रे?" या प्रश्नाला गेली काही वर्षे आमचा इन्व्हर्टर परस्पर उत्तर देत होता. गेल्या उन्हाळ्यात त्याने दगा दिला. वीज गेली की तो नेमाने सुरू व्हायचा, दहा मिनिटे चालायचा आणि गप्प बसायचा. अर्धा तास थांबले की पुन्हा दहा मिनिटे. बॅटरी तर नवी होती.

पहिल्या कारागिराने झाकण उघडले, आतल्या हिरव्या पाटीवरच्या एका तीन पायांच्या काळ्या तुकड्याला बोट लावले आणि चटका बसून मागे घेतले. "हाच गेलाय," म्हणाला आणि तो बदलून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्या कारागिराने तोच तुकडा पुन्हा बदलला आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमची मोठी पट्टी बसवली. दहाची पंधरा मिनिटे झाली, एवढेच.

तिसरे मिस्त्री भेटले ते बसस्थानकामागच्या गल्लीत. सत्तरी ओलांडलेले, नाकावर जाड चष्मा. माझी सगळी कहाणी त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "सायब, हे तापायलंय ते दिसायलंय. पन ह्याला कोन तापवायलंय, ते बघाय नको का?"

हा तुकडा म्हणजे ७८०५ क्रमांकाचा रेग्युलेटर. बॅटरीच्या बारा-तेरा व्होल्टांतून नेमके पाच व्होल्ट काढून तो पुढच्या नाजूक आयसींना पुरवतो. उरलेले आठ व्होल्ट जातात कुठे? त्यांची उष्णता होते. हिशेब व्याजासारखाच सरळ आहे: वरचे व्होल्ट गुणिले पुढे जाणारा प्रवाह. पाटी निरोगी असताना पुढे ०.०५ अँपिअर जात असेल, तर उष्णता ०.४ वॅट. बोटाला कोमट लागेल इतकीच. पण पुढे कोणी गुपचूप ०.४ अँपिअर ओढू लागला, तर तीच उष्णता ३.२ वॅट होते, म्हणजे आठपट. त्यात बंद डबा आणि आमचा उन्हाळा. आतले तापमान दीडशे अंशांच्या आसपास गेले की हा रेग्युलेटर स्वतःहून बंद होतो आणि निवला की पुन्हा कामाला लागतो. म्हणजे दहा मिनिटांनी थांबणे हा त्याचा बिघाड नव्हताच; ते त्याचे शहाणपण होते. दोन्ही कारागिरांनी बदलला तो तुकडा ठणठणीत होता.

मिस्त्रींनी बॅटरी सोडवली, पाटी बाहेर काढली आणि रेग्युलेटरचे डाग वितळवून तो बाजूला ठेवला. मग मीटरच्या काड्या पाच व्होल्टांच्या वाटेवर टेकवल्या. काटा बारा ओहमांवर थांबला. निदान काहीशे तरी दिसायला हवे होते. "पानी कुटंतरी झिरपायलंय," ते म्हणाले. आता प्रश्न एवढाच, की कुठे? त्या वाटेवर वीस-बावीस सुटे भाग होते. मिस्त्रींनी आपल्या टेबलावरच्या सप्लायमधून बेताचा प्रवाह सोडला आणि पाटी धुवायचे स्पिरिट कुंचल्याने सगळीकडे फिरवले. आम्ही दोघे वाकून बघत राहिलो. सगळी पाटी ओली असताना एका रिलेच्या आडोशाला असलेला, मसुरीच्या दाण्याएवढा कंडेन्सर सर्वांआधी कोरडा झाला. तडा जाऊन तो आतून गळत होता. आकाराने एवढासा आणि आडोशाला, म्हणून त्याला कोणी बोट लावलेच नव्हते.

मोबाईल दुरुस्त करणारी आजची पोरे हेच काम राळेच्या धुराने करतात. बोर्डावर राळेचा पांढरा थर बसतो आणि जिथे गळती असते तिथे तो आधी वितळतो. काहींकडे उष्णता दाखवणारा कॅमेराही आला आहे. साधने बदलली, रीत तीच. मात्र वाचकांनी हे प्रयोग घरी करू नयेत. स्पिरिट पेट घेते, आणि घरच्या विजेवर चालणाऱ्या अनेक पाट्यांवर २३० व्होल्टांचे सव्वातीनशे व्होल्ट होऊन मोठ्या कंडेन्सरमध्ये साठलेले असतात. बटण बंद केल्यावरही ते झटका देतात.

मिस्त्री शिकले व्हॉल्वच्या रेडिओवर. "तवा उलटं होतं," ते हसून म्हणाले. "व्हॉल्व गार लागला की समजायचं, मेला." १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला आणि पुढे उष्णता ही जिवंतपणाची खूण न राहता संशयाची खूण झाली.

त्यांच्या दुकानातून औंढ्याच्या रस्त्याला लागले, की ज्या तालुक्यात आपण जातो तिथे आज लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारली जात आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेझर फिरवून गुरुत्वीय लहरी टिपण्याचे हे काम. अशा लहरी पहिल्यांदा टिपल्या गेल्या त्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतल्या दोन वेधशाळांमध्ये. तिथल्या चाळीस किलो वजनाच्या आरशांनाही पुढे हेच दुखणे जडले. आरशाच्या मुलाम्यात डोळ्यांना न दिसणारा एखादा ठिपका लेझरचा प्रकाश शोषून तापतो, तेवढ्या जागी आरसा किंचित फुगतो आणि सगळ्या यंत्राची ताकद घटते. तिथल्या शास्त्रज्ञांनाही तो ठिपका हुडकून काढावा लागला. मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "बघा, तितंबी बारकंच निघालं."

त्या दिवशी दुकानात वाकून बघताना मला मात्र आठवत होती १९९१ सालची एक संध्याकाळ. मी बँकेत लेखापाल होतो. रोखपालाच्या रोकडीत पाच हजार रुपये कमी आले. त्याचा जवळजवळ दोन महिन्यांचा पगार. तूट ज्याच्या खिडकीवर दिसली तो गुन्हेगार, असा सरळ न्याय मी केला. नियमाप्रमाणे त्याने ती खिशातून भरली. पुढे तीन आठवडे शाखेतले लोक त्याच्याशी बोलताना नजर चुकवत. मग एक शेतकरी पासबुक घेऊन आला. "सायब, पाच हजार काढले व्हते, त्याची नोंद न्हाई." शोधाशोध केली, तर पैसे दिल्याची ती चिठ्ठी माझ्याच टेबलावरच्या लेजरच्या पानांत अडकलेली. खिडकी तापत होती, गळती माझ्याकडे होती.

पैसे त्याला त्याच दिवशी परत मिळाले. मी "झालं ना आता?" म्हणालो आणि कामाला लागलो. माफी मागितली नाही.

इन्व्हर्टर दुरुस्त होऊन आला त्या रात्री मी त्याला फोन केला. तोही आता निवृत्त आहे. चौतीस वर्षांनी मी ते वाक्य उच्चारले. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "चिठ्ठ्यांचा गठ्ठा तुमच्या टेबलावर मीच ठेवला होता, साहेब. चिठ्ठी तिथंच कुठंतरी असणार, हे मला तेव्हाच ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंच कुठं? तुम्ही फक्त भरायला सांगितलं."