जंतू आला की जागे होणारे वेष्टन

स्ट्रॉबेरी नासायला वेळ लागत नाही. गर मऊ आणि पाणीदार, वर जाड सालीचे संरक्षण नाही. डब्यातल्या एका फळावर राखाडी बुरशी धरली की शेजारची फळेही गेलीच. सिंगापूरचे नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठ आणि अमेरिकेतील हार्वर्ड येथील संशोधकांनी आपल्या वेष्टनाच्या परीक्षेसाठी हेच फळ निवडले. प्लॅस्टिकच्या डब्यात ते ४ दिवस टिकले, नव्या वेष्टनात ७ दिवस. हे संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

वेष्टनाचा पाया आहे झीन, म्हणजे मक्याच्या दाण्यातले, पाण्यात न विरघळणारे प्रथिन. त्यात स्टार्च, सेल्युलोजचे अतिसूक्ष्म स्फटिक, थाइम वनस्पतीचे तेल आणि सायट्रिक आम्ल मिसळतात. हे द्रावण उच्च विद्युतदाब देऊन सुईतून सोडले की विजेच्या ओढीने त्याची धार ताणली जाते, द्रावक वाटेतच उडून जातो आणि केसाहून कितीतरी बारीक तंतूंची जाळी तयार होते.

थाइम आपल्याकडे फारसा वापरात नसला, तरी त्याच्या तेलातला थायमॉल घरोघरी ओळखीचा आहे. ओव्याला वास येतो तो त्याचाच. तो जंतूंचे पेशीपटल खिळखिळे करतो, हे पूर्वीपासून ठाऊक होते. या संशोधनाचे मोल आहे ते त्याला गरज पडेपर्यंत धरून ठेवण्यात.

जंतू आणि बुरशी अन्न पचवण्यासाठी भोवती विकरे सोडतात. ती विकरे तंतूंवर पडली की तंतूच तुटू लागतात आणि आतले जंतुनाशक मोकळे होते. खायला आलेला जंतू स्वतःच्या हाताने विषाची कुपी फोडतो! हवेतली आर्द्रता वाढली तरी तंतू जंतुनाशक सोडतील अशीच त्यांची रचना आहे, कारण बुरशीला ओल मानवते.

महाबळेश्वर-पाचगणीच्या बागायतदारांना ३ दिवस जास्त मिळणे म्हणजे दूरची बाजारपेठ मिळणे. पण मुंबई-कोकणच्या दमट हवेत आर्द्रतेचा इशारा सततच मिळत राहिला, तर जंतू येण्याआधीच औषध संपून जाण्याचा धोका आहे. त्यामुळे या वेष्टनाची चाचणी इथल्या हवेत, इथल्या फळांवर व्हायलाच हवी.

अडचण वेगाचीही आहे. सुईतून तंतू काढणे संथ काम. २०२२ मध्ये हार्वर्ड आणि रटगर्स विद्यापीठांच्या संशोधकांनी वेगाने फिरणाऱ्या यंत्रातून तंतू फेकून ते थेट ॲव्होकॅडोवर गुंडाळले. पहिल्या प्रयोगातले फिलिप डेमोक्रिटू याही गटात होते. इथे झीनऐवजी पुलुलान हे बुरशीपासून मिळणारे बहुशर्करी द्रव्य वापरले होते. हे आवरण पाण्याने धुतले की निघते आणि मातीत ३ दिवसांत विघटित होते.