दात बघून बैल घेता, पण दाढांचं काय?

बाजारात बैल घ्यायचा म्हटलं की सगळ्यात आधी त्याचा खालचा ओठ ओढून दात बघितले जातात. आदत, दुसा, चौसा, सहादाती आणि शेवटी जुळलेला, ही भाषा आपल्याकडे पोरांनाही पाठ असते. साधारण दोन वर्षांच्या आसपास दुधाच्या दातांची मधली जोडी पडून पक्की येते. मग एकेक जोडी करत चार-साडेचार वर्षांपर्यंत आठही दात जुळतात. गावरान जनावरात थोडं मागंपुढं होतं.

वय कळलं. पण जनावर जगतं ते दाढांवर, आणि त्या कुणी बघत नाही.

माळावर पडलेली बैलाची कवटी कधी नीट बघा. वरच्या जबड्यात पुढे एकही दात नसतो. तिथे जिवंतपणी नुसती कडक हिरडी असते. मागे मात्र दोन्ही बाजूंना वर सहा, खाली सहा अशा 24 दाढा, नुकत्याच टाकी मारलेल्या जात्यासारख्या खडबडीत. जबडा आडवा फिरतो म्हणून रवंथ होतो. बिबट्याचा जबडा आडवा फिरत नाही. त्याच्या दाढा अडकित्त्यासारखं मांस कापतात. त्याचे डोळे समोर, झेपेचं अंतर मोजायला. बैलाचे बाजूला, चरतानाही धोका दिसावा म्हणून.

गवतात काचेसारखे बारीक कठीण कण असतात, वर माती. त्यामुळे दाढा आयुष्यभर झिजतात. त्या उंच असतात, झिजतील तशा हिरडीतून वर सरकतात. पण हा साठा कधीतरी संपतोच. रानातलं जनावर मग चारा असूनही उपाशी मरतं.

गोठ्यातही तेच होतं. वैरण पुढ्यात असून म्हातारी गाय हडकते, अर्धवट चघळलेला बोळा बाहेर टाकते, शेणात लांब काड्या दिसतात. आपण जंताचं औषध पाजून मोकळे होतो. जंत असतीलही, पण पशुवैद्यकाकडून दाढाही तपासून घ्या. स्वतः तोंडात हात घालू नका. दाढा बोटं चिरडतात, आणि लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या जनावराला पिसाळीचा रोगही असू शकतो. दाढाच झिजल्या असतील तर कडब्याची बारीक कुट्टी, भिजवलेली पेंड, कोवळा हिरवा चारा द्या. बरेच दिवस निघतात.

बैल घेताना दात बघून झाले की पुढ्यात थोडा कडबा टाका आणि तो कसा चावतो ते दहा मिनिटं उभं राहून बघा. व्यापारी घाई करेल. करू द्या.