पोळं, बैलगाडी आणि हरपलेलं भान

१८७७. रेल्वे नागपूरपर्यंतच, पुढे रायपूरला बैलगाडी. वाटेत चौदा वर्षांच्या नरेंद्रनाथ दत्तला, पुढच्या स्वामी विवेकानंदांना, कड्याच्या भेगेत वरपासून खालपर्यंत लोंबणारं मधमाश्यांचं प्रचंड पोळं दिसलं. माश्यांच्या त्या राज्याचा विचार करताना बाह्य भान हरपलं. आध्यात्मिक अर्थ मागाहून जोडला, असा आक्षेप घेता येतो. गुरू रामकृष्णांची भेट १८८१ची, हे खरं. पण ध्यानाला बसण्याचा खेळ नरेंद्र लहानपणापासून खेळत होता. ‘मन लीन होतं’ ही कल्पना म्हणजे आधीच मळलेली वाट होती. मानववंशशास्त्रज्ञ टॅन्या लुर्मन यांच्या गटाचा २०२१चा अभ्यास (अमेरिका, घाना, थायलंड, चीन, वानुआटू) याच दिशेचा: मनाची सीमा झिरपती, म्हणजे बाहेरचं आत येऊ देणारी, मानणाऱ्यांना आणि सहज तल्लीन होणाऱ्यांना दैवी आवाज, अस्तित्व अधिक जाणवतं.