शनिवारवाड्यातला दरबार आणि शिकारखान्यातला गेंडा

मोडी रोजकीर्दींकडे, म्हणजे पेशवे दप्तरातील दररोजच्या जमाखर्चाच्या कागदांकडे, या लेखांकात वळण्याचे ठरले होते. परंतु चित्रांच्या नोंदी कशा वाचाव्यात यासंबंधीचे मागील विवेचन वाचून एका वाचकाने जो प्रश्न विचारला आहे, त्याला बगल देऊन पुढे जाणे बरे दिसणार नाही, म्हणून रोजकीर्दींना आणखी आठवडाभर थांबावे लागेल. सवाई माधवराव पेशव्यांच्या भर दरबारात इंग्रज रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा दरबारी वकील, चार्ल्स वॉर मॅलेट तह पुरा करीत आहे, असे दाखवणारे जे भव्य तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहाच्या संकेतस्थळावर आज कोणालाही घरबसल्या पाहता येते, ते प्रसंग डोळ्यांदेखत घडत असताना काढलेले आहे काय, असा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर नकारार्थी आहे. मात्र ते ज्या वाटेने मिळते ती वाट उत्तराहून अधिक बोधप्रद आहे.

चित्रातील तह १७९०चा, म्हणजे टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे यांनी एकत्र येण्याचा. त्यावर पुण्यात १ जून १७९० रोजी सह्या झाल्या. टेटच्या नोंदीत चित्रकार म्हणून थॉमस डॅनियलचे नाव आहे आणि चित्राचा काल १८०५ दिलेला आहे. केवळ शीर्षक वाचणाऱ्याच्या मनात १७९० हाच आकडा राहतो, कारण तो शीर्षकातच आलेला आहे. कालाचा रकाना वेगळा वाचला तरच प्रसंग आणि चित्र यांच्यामध्ये पंधरा वर्षांचे अंतर असल्याचे लक्षात येते. त्या पंधरा वर्षांत चित्रातला तरुण पेशवा १७९५च्या ऑक्टोबरात शनिवारवाड्यातच कारंज्यावर पडून मरण पावला होता, नाना फडणवीस १८००मध्ये गेले होते, मॅलेट विलायतेस परतून स्थिरावला होता आणि हे चित्र लंडनमध्ये रंगत होते.

मग चित्रातील चेहरे कोठून आले? येथे जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचे नाव पुढे येते. वेल्स १७९१मध्ये मुंबईस उतरला, पुढील वर्षी मॅलेटच्या आश्रयाने पुण्यास आला आणि त्याने पेशवे, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांना समोर बसवून त्यांची चित्रे काढली. दरबाराचे मोठे चित्र मॅलेटला वेल्सकडूनच हवे होते आणि त्यासाठी वेल्सने अभ्यासचित्रे, म्हणजे मोठ्या चित्राआधी काढली जाणारी व्यक्तींची व तपशिलांची रेखाटने, तयारही केली होती. परंतु १७९५च्या अखेरीस साष्टी बेटावर लेण्यांचे काम करीत असता तो वारला आणि ती सामग्री अखेरीस डॅनियलच्या हाती गेली. डॅनियलची व वेल्सची भेट १७९३मध्ये मुंबईत झालेली होती, त्यामुळे हा वारसा अगदी परक्याकडे गेला असे म्हणता येत नाही. तरीही या सर्व तारखा एका ओळीत मांडल्या, की एक गोष्ट उघड होते: चित्र पुरे करणारा डॅनियल तहाच्या वेळी पुण्यात नव्हता, आणि ज्याच्या रेखाटनांवर ते उभे आहे तो वेल्स तर तोवर हिंदुस्थानातच आलेला नव्हता.

यावरून हे चित्र निरुपयोगी ठरते असे समजणे मात्र चुकीचे होईल. व्यक्तींच्या चेहरेपट्टीसाठी, पागोट्यांच्या बांधणीसाठी आणि दरबारी पोशाखासाठी ते मोलाचे साधन आहे, कारण तो भाग प्रत्यक्ष पाहून केलेल्या कामावर आधारलेला आहे. मात्र त्या दिवशी कोण कोठे बसले होते, कोणाचा हात कोणत्या कागदावर होता, या बाबतींत त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. पेशव्याच्या वयाचाही विचार करावा लागतो. १७७४मध्ये पुरंदरावर जन्मलेले सवाई माधवराव तहाच्या वेळी सोळा वर्षांचे होते आणि वेल्सने त्यांना पाहिले ते अठराव्या वर्षानंतर. कोवळ्या वयात ही दोन वर्षे चेहऱ्यावर दिसल्यावाचून राहत नाहीत. तीच गोष्ट दरबाराच्या दालनाची. शनिवारवाड्याच्या आतील इमारती १८२८च्या आगीत खाक झाल्यामुळे नक्षीदार खांब आणि कमानी यांची कल्पना करताना अनेकांची भिस्त या चित्रावर असते. मात्र तो आधार घेताना खांब रंगवणारा हात लंडनमधला होता याचा विसर पडू नये.

वेल्सने काढलेले पेशवे व नाना यांचे मूळ तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे आणि ब्रिटनमधील सार्वजनिक मालकीच्या चित्रांची एकत्रित सूची असलेल्या आर्ट यूके या संकेतस्थळावर ते दिसते. तेथे पेशव्यांचे नाव ‘मधू राव नारायण’ अशा वळणाने नोंदलेले असल्याने ‘सवाई माधवराव’ असा शोध घेणाऱ्याच्या हाती ते सहसा लागत नाही. अशा वेळी चित्रकाराच्या नावाने शोधणे उत्तम, आणि एकदा चित्र सापडले की त्याचा परिग्रहण क्रमांक, म्हणजे वस्तू संग्रहात दाखल होताना तिला मिळालेला क्रमांक, टिपून ठेवावा. शीर्षके अभ्यासकांच्या मतांनुसार बदलतात, क्रमांक सहसा बदलत नाही.

या सगळ्या प्रकरणात सर्वांत दुर्लक्षित राहिलेला माणूस मात्र पुण्याचाच आहे. गंगाराम चिंतामण तांबट हा चित्रकार मॅलेटसाठी काम करीत असे आणि त्याची चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात असून तेथील डिजिटल संग्रहात मोठ्या आकारात उघडून पाहता येतात. त्यांत पेशव्यांच्या शिकारखान्यातील, म्हणजे सवाई माधवरावांनी हौसेने बाळगलेल्या प्राणिसंग्रहातील, एका गेंड्याचे चित्र आहे. त्यावरील काल नोव्हेंबर १७९० आहे. दरबाराच्या चित्राशी या ना त्या नात्याने जोडल्या गेलेल्या तिघा चित्रकारांपैकी तहाच्या वर्षी पुण्यात काम करीत असल्याचा असा दाखला एकट्या गंगारामचा मिळतो, आणि त्याने त्या वर्षी काढलेला जो विषय आपल्यापर्यंत पोचला आहे तो तह नसून गेंडा आहे! पडद्यावर हे चित्र मोठे करून पाहिले असता प्राण्याच्या कातडीच्या जाड घड्या ज्या काळजीने उतरवल्या आहेत ती पाहता, हा चित्रकार समोर जे दिसते तेच काढणारा होता याविषयी शंका उरत नाही. दरबार रंगवण्याची कामगिरी त्याच्याकडे आली असती तर इतिहासाच्या अभ्यासकांचे बरेच श्रम वाचले असते.

वेरूळच्या लेण्यांच्या बाबतीतही त्याच्या वाट्याला उपेक्षाच आली. मॅलेटसाठी गंगारामने वेरूळची रेखाटने केली होती आणि मॅलेटचा वेरूळवरील लेख एशियाटिक रिसर्चेस या नियतकालिकाच्या १७९९च्या सहाव्या खंडात प्रसिद्ध झाला. परंतु पुढे १८०३मध्ये डॅनियलने वेरूळच्या चोवीस दृश्यांचा जो देखणा संच काढला, त्याच्या मुखपृष्ठावर मूळ रेखाटनकार म्हणून नाव आहे ते वेल्सचे. वेल्सने स्वतः वेरूळवर कष्ट घेतले होते हे खरेच आहे, तेव्हा त्याच्यावर दोष ठेवण्याचे कारण नाही; मात्र विलायतेतील रसिकांना वेरूळ दाखवणाऱ्यांच्या नामावळीतून पुण्याचा चित्रकार गळला तो दीर्घकाळ गळलेलाच राहिला. येल केंद्राने २०११मध्ये भरवलेल्या प्रदर्शनात मॅलेट व वेल्स यांच्या बरोबरीने त्याचे काम मांडले गेले, तेव्हा कोठे त्याच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वळू लागले.

तहाच्या वाटाघाटी प्रत्यक्षात कशा झाल्या हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी चित्र बाजूला ठेवून मॅलेटच्या पत्रव्यवहाराकडे जावे. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेला पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स मालेतील दुसरा खंड १९३६मध्ये प्रसिद्ध झाला असून त्यात १७८६ ते १७९७ या काळातील मॅलेटच्या वकिलातीचे कागद आहेत, आणि त्या छापील खंडाच्या स्कॅन प्रती डिजिटल ग्रंथालयांत मिळतात. त्या पत्रांतला मॅलेट हा अर्थातच आपल्या वरिष्ठांना लिहिणारा मॅलेट आहे, त्यामुळे तोही निःपक्ष साक्षीदार नव्हे. परंतु त्याच्या पत्रांवर त्या त्या दिवसाची तारीख आहे, जी चित्रावर नाही.

रोजकीर्दींचा विषय पुढील आठवड्यात निश्चित घेतला जाईल. तोपर्यंत स्मरणिका, पाठ्यपुस्तके आणि दिवाळी अंक यांच्या संपादकांना एकच विनंती आहे: दरबाराचे हे चित्र छापताना त्याखाली नुसते ‘पेशव्यांचा दरबार, १७९०’ असे न घालता ‘थॉमस डॅनियल, १८०५, जेम्स वेल्सच्या अभ्यासचित्रांवरून’ एवढी ओळ अवश्य घालावी.