त्रयस्थाच्या माथी मनाईहुकूम

ज्याच्याविरुद्ध मूळ फिर्याद नाही आणि ज्याच्याकडून नुकसानभरपाईही कोणी मागितलेली नाही, अशा त्रयस्थाला न्यायालयाच्या मनाईहुकमाने बांधून घ्यावे, हा प्रकार विधिशास्त्राच्या अभ्यासकांस सर्वस्वी नवा नव्हता. तथापि कॅनडातील इक्वस्टेक प्रकरणाने त्याला जे विशाल रूप दिले, ते पुष्कळ अंशी त्या त्रयस्थाच्याच अपिलांमुळे प्राप्त झाले, असे आज त्या कागदपत्रांचा मागोवा घेताना वाटते.

कज्जाचे मूळ अगदी सामान्य होते. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील इक्वस्टेक या लहानशा कंपनीची उपकरणे विकणारी डेटालिंक ही वितरक कंपनी तोच माल स्वतःच्या नावाने खपवू लागली, पुढे इक्वस्टेकची व्यापारी गुपिते वापरून प्रतिस्पर्धी उपकरणही विकू लागली, आणि न्यायालयाचे हुकूम धाब्यावर बसवून प्रांताबाहेरून धंदा करीत राहिली. डिसेंबर २०१२ मध्ये इंटरनेटवरील हा व्यापार बंद करण्याचे फर्मान निघाल्यावर गूगलने ३४५ पाने आपल्या कॅनडापुरत्या शोधयादीतून वगळली खरी. परंतु डेटालिंक तोच मजकूर नव्या पानांवर हलवी, आणि तिचे बहुतेक गिऱ्हाईक तर कॅनडाबाहेरचे. अखेर जून २०१४ मध्ये न्या. फेनलन यांनी ती संकेतस्थळे जगातील सर्व शोधयाद्यांतून वगळण्याचा अंतरिम हुकूम गूगलवर बजावला.

अंतरिम हुकमावरील अपील हक्काने दाखल होत नव्हते. त्यासाठी त्रयस्थ गूगलला आधी परवानगी मागणे भाग होते. प्रांतिक अपील न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये ती दिली, परंतु हुकमाला स्थगिती नाकारली, आणि पुढील वर्षी अपील फेटाळले. आता कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावायचे, तर तेथील कसोटी निराळी. ‘मजवर अन्याय झाला’ एवढे गाऱ्हाणे तेथे पुरत नाही. प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा आहे, हे पटवून द्यावे लागते. म्हणजे एका वितरकाच्या लबाडीतून उद्भवलेल्या तंट्याला अर्जदाराने आपणहून अखिल जगाच्या वाक्स्वातंत्र्याची आणि राष्ट्राराष्ट्रांतील सौजन्याची उंची द्यावयाची, आणि एवढ्या उंचीवरून हरल्यास तो पराभवही त्याच उंचीचा ठरायचा! १८ फेब्रुवारी २०१६ रोजी परवानगी मिळाली. त्या न्यायालयाच्या प्रघाताप्रमाणे कारणे दिली गेली नाहीत, आणि जिंकल्याचा आनंद मानावा असा तो क्षण वकिलांना भासला असल्यास नवल नाही.

२८ जून २०१७ रोजी सात विरुद्ध दोन अशा मतांनी फैसला गूगलच्या विरुद्ध गेला. इंटरनेटला सरहद्दी नाहीत, मग हुकूम परिणामकारक व्हायचा तर तो जगभर लागू व्हायला हवा, हे न्या. आबेला यांचे प्रतिपादन होते. परदेशच्या कायद्याचा भंग होत असल्यास हुकमात फेरफार मागण्याची मुभा त्यांनी ठेवली. न्या. कोटे व न्या. रो यांचे भिन्नमत मला अधिक सयुक्तिक वाटते: असा अंतरिम हुकूम मिळाल्यावर वादीला मूळ दावा तडीस नेण्याची गरजच उरत नाही, आणि जो लबाडीत सामील नाही त्याला अशा रीतीने राबवून घेणे समन्यायाच्या मर्यादेपलीकडचे आहे, हा त्यातील मर्मभाग.

आबेलांनी ठेवलेल्या मुभेचा आधार घेण्यासाठी गूगलने कॅलिफोर्नियात धाव घेतली. तेथे इक्वस्टेक हजरच न राहिल्याने न्या. डेविला यांनी २०१७ च्या अखेरीस कॅनडातील हुकमाची अमेरिकेपुरती अंमलबजावणी रोखली. तो कागद घेऊन गूगल पुन्हा कॅनडात आली. परंतु कॅनडातील हुकमामुळे अमेरिकन कायद्याचा भंग करणे गूगलला भाग पडते, असे काही अमेरिकन न्यायालयाने म्हटलेले नाही, असे सांगून एप्रिल २०१८ मध्ये फेरफाराचा अर्ज नामंजूर झाला. या निवाड्याची दखल पुढे भारतातही घेतली गेली: २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने स्वामी रामदेव यांच्या प्रकरणात मजकूर जगभर वगळण्याचा आदेश दिला, तेव्हा परकीय निवाड्यांचा परामर्श घेताना इक्वस्टेकचाही विचार केला.