दस्त्याला काय लावावं? (जुनं लाकूड, नवा हात : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात बंदुकीच्या दस्त्यावरचं जुनं पॉलिश उतरवलं, दबलेल्या जागा ओलं फडकं ठेवून इस्त्रीनं फुगवून घेतल्या. आता उघड्या लाकडावर काय लावायचं? रंगाच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘चकाकी हवी की मॅट?’ मार्गासनीकडच्या बंदुकीला हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा.

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना लागणारं, गुंजवणी खोऱ्यातलं हे गाव. सगळा भाताचा पट्टा, आणि भात पोटरीला आला की रानडुकरं आलीच. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा उल्लेख १९५९च्या शस्त्र कायद्यातच आहे. (हा परवाना बंदूक बाळगण्याचा. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.) इथं आषाढात भिंतींनाही घाम फुटतो आणि चैत्रात दाराच्या फळ्यांत फटी पडतात. दस्त्याचंही तेच. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आकसतं. उन्हाळ्यात आकसलं की स्क्रू ढिले होतात. मग बार उडाल्यावर बसणारा धक्का सगळ्या बैठकीवर न पसरता एकाच कोपऱ्यावर येतो, आणि धातूच्या मागे दस्ता चिरतो.

म्हणून लेपाकडून खरी अपेक्षा ही, की हवेतला ओलावा लाकडात जायचा वेग कमी व्हावा. तो पूर्ण थांबवणारा लेप नाही. अमेरिकेत मॅडिसनला लाकडावर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या मोजमापांत अळशीचं तेल बाष्प अडवण्यात जवळपास नापास ठरलं. गंमत अशी, की बंदुकीच्या दस्त्याचं परंपरागत तेल हेच. इशापूरच्या कारखान्यात बनलेल्या ली-एनफिल्ड रायफलींचे दस्ते अळशीच्या कच्च्या तेलावरच पोसले गेले. विलायती शिकारी बंदुकांच्या तेलात लाली आणायला एक मुळी घालत. आपल्याकडे रोगनजोशला रंग देणारी रतनजोत त्याच जातकुळीतली.

मग ते तेल टिकलं कसं? कारण ते दुरुस्त करता येतं. ओरखडा आला, तळहातावर दोन थेंब घेऊन चोळले, झालं. शिपायाकडे वेळ होता आणि शिस्तही होती. आपल्याकडे दोन्हींची खात्री नाही. शिवाय कच्चं तेल वाळायला आठवडे घेतं. उकळलेलं म्हणून मिळतं त्यात सुकवणारी द्रव्यं घातलेली असतात, ते लवकर वाळतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्कर अळशीकडून टंग तेलाकडे वळलं. पाण्याला ते अळशीपेक्षा चांगलं तोंड देतं. मात्र टंगचं नाव मिरवणाऱ्या डब्यांत पुष्कळदा पातळ केलेलं व्हार्निशच असतं, तेव्हा लेबल नीट वाचा.

फ्रेंच पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, दिवाणखान्यातल्या कपाटाला शोभतं. बाष्प ते बरंच अडवतं, पण प्रत्यक्ष पाणी साचलं की पांढरे डाग पडतात. पावसाळी शेतात जाणाऱ्या वस्तूवर मी ते लावणार नाही. उलट टोकाला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. पाण्याला आणि बाष्पालाही चांगलं. पण जाड थर दिला तर अक्रोडाचं सुंदर लाकूडही प्लास्टिकच्या खोळीत घातल्यासारखं दिसतं, आणि एकदा तडा गेला की पाणी आत शिरून थर पापुद्र्यानं सुटतो. मग सगळा खरवडून पुन्हा पहिल्यापासून.

माझा कौल मधल्या वाटेला: बाहेरून तेल आणि व्हार्निश यांचं मिश्रण, पातळ हातांनी, प्रत्येक हात पुसून घेत. पण त्याहून महत्त्वाची आहे न दिसणारी जागा. दस्त्याच्या मागच्या पट्टीखाली आणि धातू बसतो त्या खाचेत लाकडाच्या रेषा तुटलेल्या असतात. तिथली उघडी तोंडं पाणी सरळ शोषतात. तिथं पातळ केलेलं पीयू, शोषणं थांबेपर्यंत. बहुतेक जण दिसणाऱ्या भागावर आठ हात देतात आणि ही तोंडं कोरडीच सोडतात. खाचेत जुनं बंदुकीचं तेल मुरून लाकूड काळं, मऊ पडलं असेल तर आधी खडूच्या भुकटीचा लेप लावून ते ओढून घ्या. नाहीतर वरचा हात धरणारच नाही.

निवडणुकीत पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करावं लागतं तेव्हाही हीच जागा परीक्षेला लागते. २०२४ साली इथं लोकसभेचं मतदान ७ मे रोजी आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला झालं. आचारसंहितेत जमा झालेल्या बंदुकीला कुणी फडकं मारत नाही. शक्यतो मेणकापडात न गुंडाळता, आतून सील करून द्यावी.

दोन सूचना मात्र टाळू नका. धातूच्या भागाचं काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच. लाकडाच्या निमित्तानं बंदूक गावच्या सुताराकडे ठेवून येणं कायद्यात बसत नाही. आणि तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती स्वतःच तापतात आणि पेट घेऊ शकतात. पेंढ्याच्या माळ्याजवळ तर नकोच. मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

हे काम माघ-फाल्गुनात काढा. पावसाळ्यात तेल चिकट राहतं, आणि फुगलेल्या लाकडावर दिलेला हात उन्हाळ्यात लाकूड आकसलं की कडांना सुटतो. दोन हातांत निदान एक दिवस जाऊ द्या. बोटाला चिकटत असेल तर आणखी एक.