घराचा पत्ता, तारीख-वेळेसह

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, ट्रान्सफॉर्मर तापतात आणि भरदुपारी लाईट जाते. परत येते तेव्हा आधी पंखा फिरतो, मग राउटरचे दिवे एकेक करून हिरवे होतात आणि दोन-तीन मिनिटांत मोबाईलवर तुंबलेले मेसेज धडाधड पडतात. या दोन-तीन मिनिटांत घराने इंटरनेटवरचा आपला पत्ता बदललेला असू शकतो, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. धुळ्यात देवपुरातल्या घरी असो नाहीतर जळगावात रिंगरोडच्या फ्लॅटमध्ये, मासिक प्लॅन तोच, वायफायचं नाव तेच, पासवर्ड तोच. बाहेरच्या जगाला दिसणारा आकडा मात्र सकाळी २०३.०.११३.४७ होता आणि आता २०३.०.११३.१९२ आहे. (हे आकडे कुणाच्या घराचे नाहीत. पुस्तकांत उदाहरणं देण्यासाठी काही पत्ते मुद्दाम राखून ठेवले आहेत, त्यांतले हे दोन.)

बदल कशाने होतो, हे तुमच्या जोडणीच्या पद्धतीवर ठरतं. फायबर देणाऱ्याने युजर-आयडी आणि पासवर्ड राउटरमध्ये भरून दिला असेल, तर ती पीपीपीओई पद्धत. राउटर दरवेळी कंपनीच्या दारात जाऊन नव्याने ओळख पटवतो आणि त्या क्षणी गठ्ठ्यात जो पत्ता मोकळा असेल तो बहुधा हाती पडतो. दुसरी पद्धत डीएचसीपीची. तिच्यात पत्ता ठराविक मुदतीने भाड्याने मिळतो आणि निम्मी मुदत सरली की राउटर स्वतःच नूतनीकरण मागतो. त्यामुळे लाईट टिकली तर तोच पत्ता महिनोन्‌महिने राहू शकतो. म्हणून शेजाऱ्याचा पत्ता चार महिने हलत नाही आणि आपला आठवड्यात तीनदा बदलतो, यात कुणाची लबाडी नसते.

मुळात फिरवाफिरवी करावी लागते ती टंचाईमुळे. १९८१ साली ठरलेल्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, एकूण पत्ते जेमतेम ४२९ कोटी. तेव्हा हा आकडा अफाट वाटला असणार. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाची नोंदणी संस्था काटकसरीवर आली. आपल्याकडे घरोघरी फायबर पोचला तो त्यानंतर. केबल टीव्हीच्या खांबांवरूनच ज्यांनी फायबर ओढला त्या तालुक्याच्या गावातल्या छोट्या व्यावसायिकांना पत्ते मिळणार कुठून? त्यांनी एका पत्त्यामागे अनेक घरं बसवली.

म्हणून आपल्या बदलत्या पत्त्यांची तारीख-वेळेसह नोंदवही ठेवायची, तर ती सुरू करण्याआधी एक तपासणी करावी. राउटरच्या पानावर, बहुधा १९२.१६८.१.१ वर, ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या मथळ्याखाली जो आकडा दिसतो तो कागदावर उतरवा. मग ‘माझा आयपी काय’ असं सांगणारी कुठलीही वेबसाईट उघडा. दोन्हीकडे एकच आकडा आला तर पत्ता खराखुरा तुमचा, निदान त्या घटकेपुरता. राउटरमधला आकडा १० ने सुरू होत असेल, किंवा १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा असेल, तर तुम्ही सामायिक पत्त्यामागे आहात. १००.६४ पासूनचा हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास याच कामासाठी बाजूला काढला गेला. एका पत्त्यामागे अनेक घरं बसवण्याच्या या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात. कॅमेरे बसवणाऱ्यांना हे नाव ठाऊक नसलं तरी दुखणं पक्कं ठाऊक असतं: “काका, कॅमेरा बाहेरून थेट नाही दिसणार. तुमचा आयपी पब्लिक नाही ना.” काका म्हणतात, “अरे भाऊ, मग महिन्याचे पैसे कशाचे घेता?” आणि गाडी स्टॅटिक आयपीच्या वेगळ्या दरावर येते.

सामायिक पत्ता असेल तरीही नोंद ठेवावी का? माझ्या मते ठेवावी. मात्र बाहेरून घरी पोचायला तिचा उपयोग नाही, एवढं मनाशी धरून. तिचा उपयोग वेगळा आहे आणि तो कळायला पुण्याचं एक प्रकरण पुरेसं आहे.

२००७ च्या ऑगस्टअखेर पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकल्याचा आरोप होता. मजकूर ज्या आयपी पत्त्यावरून चढला तो पोलिसांनी मिळवला, तो पत्ता कुणाचा हे इंटरनेट कंपनीला विचारलं आणि कंपनीने या तरुणाचं नाव-गाव दिलं. माहिती चुकीची होती. त्या वेळी तो पत्ता त्याच्याकडे नव्हताच. हे उलगडेपर्यंत जवळपास ५० दिवस तो येरवड्याच्या तुरुंगात होता. बदलत्या पत्त्यांच्या जगात ‘हा पत्ता कुणाचा?’ हा प्रश्न अर्धाच असतो. ‘अमुक तारखेला, अमुक वाजून अमुक मिनिटांनी कुणाचा?’ असं विचारलं तरच उत्तराला काही किंमत.

धुळ्याच्या माणसाला हे समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात जुने कागद जपलेले आहेत. मराठेशाहीतल्या कितीतरी पत्रांवर चंद्राची तिथी आणि मुसलमानी महिना असतो, ‘छ’ लिहून. साल मात्र नसतं. कागद अस्सल, शाई अस्सल, हस्ताक्षर ओळखीचं, तरी पत्र कोणत्या वर्षीचं हे मजकुरातून हुडकण्यात अभ्यासकांची उमर जाते. वेळ न लिहिलेला आयपी पत्ता याच जातीचा कागद आहे.

त्यामुळे नोंदवहीत खरा जीव वेळेच्या रकान्यात असतो आणि नेमका तोच सगळ्यांत सहज बिघडतो. ही वही कुणी हाताने लिहीत नाही. घरात सतत चालू राहणारा एखादा छोटा संगणक, जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय, दर दहा मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला विचारतो, ‘मी कोणत्या पत्त्यावरून बोलतोय?’ आणि मिळालेलं उत्तर वेळेसह एका साध्या फाईलच्या तळाशी जोडतो. दहा-बारा ओळींचं काम आहे. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा पोरगा संध्याकाळभरात करून देईल. गोम पुढे आहे. रास्पबेरी पायच्या बहुतेक जुन्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. लाईट गेली की त्याची वेळ थांबते. लाईट आल्यावर तो जिथे झोपला साधारण तिथूनच पुढे मोजू लागतो आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत त्याच भ्रमात राहतो. म्हणजे दुपारी दोनला गेलेली लाईट साडेचारला आली, तर पत्ता बदलल्याची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची ओळ दोन वाजून काही मिनिटांची म्हणून पडू शकते. उपाय साधा आहे: घड्याळ जुळल्याची खूण मिळेपर्यंत एकही ओळ लिहायची नाही, असं त्याला सांगून ठेवायचं. पाय ५ मध्ये घड्याळ आलं आहे, पण बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

दुसरी गोम साडेपाच तासांची. जगभरचे सर्व्हर नोंदी बहुधा ग्रिनिचच्या बाजूच्या वेळेत, यूटीसीत, ठेवतात. तिथे ४ जूनचे रात्रीचे सात वाजून दहा मिनिटं झाली असतील, तर जळगावात ५ जून लागून रात्रीचे बारा चाळीस झालेले असतात. तारीखच वेगळी. कुणी ही जुळवणी विसरलं तर पत्ता बरोबर आणि माणूस चुकीचा असा घोळ होतो. आपल्या वहीत प्रत्येक ओळीपुढे ‘+५.३०’ लिहावं, जागा फार लागत नाही. सरकारनेही हे मनावर घेतलेलं दिसतं. सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत सेवा कंपन्यांना आपली घड्याळं राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आहे. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचं काम याच प्रयोगशाळेकडे आहे.

सामायिक पत्त्याच्या बाबतीत नुसत्या वेळेनेही भागत नाही. एकाच सेकंदाला एकाच आकड्यामागून शेकडो घरं बोलत असतात आणि त्यांना वेगळं ओळखायचं तर पोर्ट क्रमांक लागतो. एका पत्त्यावर असे सुमारे ६५ हजार पोर्ट, तेच घराघरांत वाटलेले. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफने जून २०११ मध्येच वेबसाईटवाल्यांना सांगितलं होतं, की पाहुण्याचा पत्ता नोंदवता तसा पोर्टही नोंदवा आणि वेळ सेकंदापर्यंत अचूक ठेवा. ज्या सर्व्हरवर हे पाळलेलं नसतं, तिथली नोंद घेऊन एका घरापर्यंत पोचणं फार अवघड.

एका रकान्याच्या नादी मात्र लागू नये: ‘ठिकाण’. आयपीवरून गाव सांगणाऱ्या सेवा जळगावच्या घराला कधी मुंबईत बसवतात, कधी नाशकात. कंपनीचं दार जिथे उघडतं तेच त्यांना दिसतं. अमेरिकेत याचा कळस झाला. तिथल्या एका मोठ्या कंपनीने, ज्या पत्त्यांचं गाव कळत नाही ते सगळे देशाच्या मध्याजवळच्या एका बिंदूवर टाकून दिले होते. तो बिंदू कॅन्सस राज्यातल्या एका शेतावर पडला. २०१६ मध्ये हे उघडकीस आलं तोवर साठ कोटींहून जास्त पत्ते त्या शेतावर ‘राहत’ होते आणि चोरीचा माल शोधत लोक शेतकऱ्याच्या अंगणात येत होते.

आता ज्यांचा पत्ता खरोखर पब्लिक आहे त्यांच्याविषयी. मुलगा पुण्याला, आई-वडील अमळनेरला, घरी डीव्हीआर आणि चार कॅमेरे, असा संसार खानदेशात गल्लोगल्ली आहे. मुलाला घर पाहायचं तर आजचा पत्ता कळला पाहिजे. त्यासाठी डायनॅमिक डीएनएस असतं: एक नाव कायमचं घ्यायचं आणि पत्ता बदलला की राउटरने किंवा त्या छोट्या संगणकाने नवा आकडा त्या नावापुढे लिहून यायचं. डकडीएनएस, नो-आयपी या सेवा फुकटात हे करतात. नाव फक्त आजचा पत्ता सांगतं, कालचा विसरतं, म्हणून वही वेगळी ठेवावीच लागते.

या सेवेला घरोघरी पोचवलं ते डाईन नावाच्या अमेरिकी कंपनीने. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी तिच्यावर असा हल्ला झाला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळं तिथे कित्येक तास मिळेनात. हल्ला करणारे होते घरगुती कॅमेरे आणि डीव्हीआर. मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून येणारे साठेक ठरीव युजर-पासवर्ड आळीपाळीने लावून पाहिले आणि लाखो यंत्रं ताब्यात घेतली. बदलत्या पत्त्याच्या घरांना शोधून देणारी कंपनी घरातल्याच यंत्रांनी पाडली. म्हणून डीव्हीआरचा पोर्ट सरळ बाहेर उघडून ‘अ‍ॅडमिन’चा पासवर्ड तसाच ठेवणाऱ्याला मी कॅमेराच बसवू नको म्हणेन. वायरगार्डसारखा खाजगी बोगदा काढून आधी घरात यावं, मग कॅमेरा पाहावा. ही वहीदेखील घरातच असू द्यावी. घर कधी अंधारात होतं याचा तो तपशील आहे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची गोष्ट नव्हे.

दोन-तीन महिने साचलेली वही वाचायला घेतली की ती पत्त्यांपेक्षा दुसरंच बोलू लागते. दर दहा मिनिटांची ओळ हवी आणि मध्येच दोन तास ओळच नाही: संगणकच बंद, म्हणजे लाईट नव्हती. ओळी आहेत, पण ‘उत्तर नाही’ असं लिहिलेलं: घरात लाईट होती, लाईन तुटली. कुठेतरी जेसीबी चालला असेल. ‘उत्तर नाही’ची रांग लाईट गेल्यावर तासाभराने सुरू होते तेव्हा समजावं, की आपला इन्व्हर्टर टिकला आणि केबलवाल्याच्या खोलीतली बॅटरी संपली. आणि खंड नसताना पत्ता मध्यरात्रीनंतर अचानक बदलला असेल, तर कंपनीने आपल्या बाजूने जोडणी तोडून पुन्हा जोडली. ‘दादा, नेट सारखं जातं’ या तक्रारीला ‘राउटर बंद-चालू करून पाहा’ एवढंच उत्तर मिळतं. ‘१४ तारखेला ३.२० ते ५.४०, घरात लाईट असताना’ असं म्हटलं की पलीकडचा माणूस तिकीट नंबर देतो.

आयपीव्ही६ आल्यावर ही भानगड मिटेल, असं वाटणं साहजिक आहे. त्यात पत्त्यांचा तुटवडा नाही आणि ते वापरण्यात भारत जगात आघाडीवर आहे. जिओने २०१६ पासून आपलं जाळं त्याच्याच भरवशावर उभं केलं. पण तिथेही घराला मिळणारा पत्त्याचा पुढचा भाग अनेकदा लाईटबरोबर बदलतो. वहीत त्यासाठी दुसरा रकाना आताच आखून ठेवावा.

किती दिवस जपायची? दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्यात बदल करून कंपन्यांना कॉल आणि इंटरनेट वापराच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवायला लावल्या. आपण तीच मुदत धरावी, म्हणजे त्यांची आणि आपली नोंद समोरासमोर ठेवता येते. दिवसाच्या १४४ ओळी, वर्षाच्या ५२,५६०. एका ओळीला पन्नास अक्षरं धरली तर दोन वर्षांची अख्खी वही सहा एमबीच्या आत बसते. मोबाईलवर काढलेल्या दोन फोटोंएवढी.